नानांनी तीन रात्री काय सांगितलं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने लिहिलं होतं की, गांजाचा उगाच बाऊ केला जातो. दारूसारखं त्याने लिव्हर जात नाही, गांजा ओढून कुणी बायकोला मारत नाही आणि शेवटी तो शंकराचा प्रसाद आहे. त्या पत्रावर चिडून हे लिहीत नाही. त्यातली पहिली दोन वाक्यं माझ्या अनुभवाशी बऱ्यापैकी जुळतात. सोळाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत मी गांजा ओढला. त्या बारा वर्षांत कुणावर हात उचलला नाही, की कुठल्या गटारात पडलो नाही. माझं गेलं ते निराळंच, आणि ते गेल्याचं कळायलाही मला फार उशीर झाला.

मी पत्ते कापतो. जुगाराचे नव्हेत, जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे. आमचं घर तेलुगू, वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानाही हेच काम करायचे. अशोक चौकाकडच्या कारखान्यांत त्यांना सगळे 'पत्तेवाले' म्हणत. अक्काच्या लग्नाआधी सासरच्यांनी चौकशी केली तेव्हा कुणीतरी या नावाचा भलताच अर्थ लावला होता, तो किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. सोलापुरी चादरीवर जो मोर दिसतो तो या पत्त्यांवरून उतरतो. ग्राफच्या कागदावर नक्षी काढायची, मग एकेका ओळीचा एकेक पत्ता घेऊन त्याला भोकं पाडायची आणि असे शेकडो पत्ते दोरीने ओवून माळ करायची. मागावर आडवा धागा एकदा गेला की माळ एक पत्ता पुढे सरकते. भोक असेल तिथे सुई आत जाते, हुक वर जातो आणि त्याच्याबरोबर उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. आता पुष्कळ कारखाने इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर गेलेत, त्यांचा मोर पेन ड्राइव्हमधून येतो. जुने माग चालू आहेत तोवर माझी भाकरी आहे.

हे काम मोजणीचं आहे. ओळ मोजायची, घर मोजायचं, मग ठोकायचं. नानांना चाळीसेक नक्षी तोंडपाठ होत्या, ग्राफ न बघता ते माळेतला चुकलेला पत्ता काढून द्यायचे. मी मात्र विशी-बाविशीतच मोजता मोजता मध्येच हरवायला लागलो. एकशे चौदा म्हटलं की, हे एकशे चौदा आत्ताचं की मघाचं, असा प्रश्न पडायचा. मग पुन्हा एकपासून सुरुवात. मित्र म्हणायचे, "काय बे, झोप झाली नाही का?" मीही तेच धरून चाललो होतो. एकदा माळ ओवताना मी बारा पत्ते उलटसुलट लावले. कुणाच्या लक्षात येईपर्यंत चाळीस चादरी विणून झाल्या होत्या आणि प्रत्येक मोराची मान कापल्यासारखी बाजूला सरकलेली. मालकाने माझ्या पगारातून पैसे कापले. त्यात त्याचं काही चुकलं नाही. नानांनी चादर उजेडात धरली आणि म्हणाले, "मान मोडलास की रे त्याची." पुढे काही बोलले नाहीत. रात्री माझ्या अंगाला कसला वास येतो, हे त्यांना ठाऊक असणार.

मी सव्वीस वर्षांचा असताना नानांच्या किडन्या गेल्या. शेवटच्या महिन्यात ते वॉर्डात होते. अम्मा दिवसभर त्यांच्याजवळ बसायची आणि रात्री घरी जाऊन विड्या वळायची. हजाराचा हिशोब पुरा केल्याशिवाय मजुरी कशी मिळणार? त्यामुळे रात्रपाळी माझी. मी आठला जायचो, नानांना औषध द्यायचो, बाहेर जाऊन एक पुडी संपवायचो आणि परत येऊन स्टुलावर बसायचो. नानांना झोप लागत नसे. एरवी कमी बोलणारा हा माणूस सलग तीन रात्री बोलत राहिला. आजोबा १९४८ साली, रझाकारांच्या धामधुमीत, करीमनगरकडून सोलापूरला कसे आले, कुणाबरोबर आले, साखर पेठेत पहिला हातमाग टाकायला पैसे कुणी दिले आणि जामीन कोण राहिलं, ही ती हकिगत. तीच होती, एवढं मला नक्की ठाऊक आहे, कारण दुसऱ्या दिवशी नानांनी अम्माला सांगितलं, "आजोबांचं पोराला सगळं सांगितलंय. त्याला ठाऊक असू दे."

मला काय आठवतं ते सांगतो. सलाइनच्या नळीतला थेंब. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा खोकला. दोन बोटांत धागा धरल्यासारखा नानांचा हात. आणि 'वाडी' हा एक शब्द. म्हणजे रेल्वेचं वाडी जंक्शन असावं. तो शब्द उच्चारून नाना हसले होते, भरपूर हसले होते, आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो. वाडीला काय झालं होतं, कुणास ठाऊक. तीन रात्री मी मान डोलावत होतो, 'हं' म्हणत होतो, बहुधा प्रश्नही विचारत होतो. त्यातलं एक वाक्य माझ्याकडे नाही.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे घडली. तेराव्याला अक्का भिवंडीहून आली होती. तिने विचारलं, "नाना शेवटी काय काय बोलले?" मी सांगायला लागलो. थापा मारत होतो असं नाही, सांगताना मला ते सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. मंगळवार पेठेतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने आजोबांना जामीन दिला, पावसात भिजलेलं सूत त्याच्या वखारीत वाळवलं, वगैरे. अक्का रडली. अम्मा आतून आली आणि म्हणाली, "ती माझ्या वडलांची गोष्ट आहे. तुला मीच सांगितली होती, लहानपणी." मोकळी जागा डोक्याने दुसऱ्याच घरच्या नक्षीने भरून टाकली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. नेदरलँड्समध्ये ६४ लोकांवर केलेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. गांजाच्या अमलाखाली माणूस खोटी आठवण खरी धरायला जास्त राजी होतो, असं त्यात दिसलं. मी त्या वेळी अमलाखाली होतो का? तेराव्याच्या दिवशीही होतो. कबूल करतो.

त्यानंतर दोन वर्षांनी मी एका मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. गांजा सोडण्यासाठी नव्हे, तर नानांच्या त्या तीन रात्री कुठून तरी बाहेर काढता येतील या आशेने. सिनेमात संमोहन वगैरे करतात, तसं काहीतरी डोक्यात होतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही विसरलात असं समजू नका. तुमच्याकडे ते आलंच नाही." मग त्यांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. कानाच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतलं त्याचं नाव मिळालं. आत्ता ऐकलेलं उद्या आठवायचं असेल तर ते आधी इथे नोंदलं जावं लागतं. गांजातला मुख्य पदार्थ टीएचसी. तो १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळा केला. हा पदार्थ मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतो त्या जागा हिप्पोकॅम्पसमध्ये दाटीने आहेत. त्या जागा काही गांजासाठी केलेल्या नाहीत. मेंदू स्वतः त्यांच्यासाठी एक पदार्थ बनवतो. तो १९९२ साली सापडला तेव्हा शोधणाऱ्यांनी त्याचं नाव संस्कृतवरून ठेवलं: आनंदामाइड. प्रसादवाल्या वाचकांना हे आवडेल. फरक असा, की मेंदूचा स्वतःचा आनंद हवा तिथे, हवा तेवढा आणि क्षणभर असतो. बाहेरचा सगळीकडे एकदम पसरतो आणि तासन्‌तास बसून राहतो. तेवढ्या वेळात नोंद नीट होत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे पत्ते ठोकलेच गेले नाहीत. माळ पुढे सरकत राहिली, पत्ते कोरे." डॉक्टरांना जेकार्ड ठाऊक नव्हतं (सोलापुरात प्रॅक्टिस करून!), म्हणून मला ते पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. फी मात्र मीच दिली.

त्या दिवशी त्यांनी पंधरा शब्द वाचून दाखवले आणि वीस मिनिटांनी विचारले. मला पाच आले. सातवी पास अम्माला घरी मी तेच शब्द विचारले तर तिला अकरा आले, तेही विड्या वळता वळता. त्या रात्री मी खरा घाबरलो.

गांजा सोडल्यावर पहिले दोन आठवडे वाईट गेले. झोप नाही, भूक नाही, प्रत्येकावर खेकसणं. मग स्वप्नं सुरू झाली, इतकी ठळक की सकाळी अंथरुणात बसून राहायचो. गांजाने स्वप्नांची झोप दबते आणि सोडल्यावर ती उसळून येते, असं डॉक्टर म्हणाले. नाना स्वप्नात यायचे, बोलायचेही. सुरुवातीला मी उठून लिहून ठेवत होतो. मग धान्याचा व्यापारी आठवला आणि ती वही बंद केली. महिन्याभराने पंधरांतले आठ शब्द आले, तिसऱ्या महिन्यात अकरा. अम्माशी बरोबरी. मोजणीत हरवणं थांबलं. गेल्या आठ वर्षांत माझ्या हातून एकही माळ चुकलेली नाही.

मी एकटाच नशीबवान होतो असं नाही, हे पुढे हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून आणि डॉक्टरांना विचारून विचारून कळलं. अमेरिकेत २००१ साली वर्षानुवर्षे ओढणाऱ्यांना २८ दिवस गांजापासून दूर ठेवून तपासलं. पहिल्या आठवड्यात शब्द लक्षात ठेवण्यात ते स्पष्ट मागे होते, २८ व्या दिवशी इतरांच्या जवळपास बरोबरीला आले. २०१८ साली तरुण मुलांवरचे ६९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही एकूण तोटा थोडा दिसला आणि तीन दिवसांहून जास्त काळ दूर राहिलेल्यांत तो आणखी कमी. याच्या उलट बाजूला न्यूझीलंडच्या डनेडिन शहरातला अभ्यास आहे. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांवर आयुष्यभर लक्ष ठेवलं आहे. २०१२ साली त्यांनी सांगितलं की, ज्यांनी शाळकरी वयात सुरुवात केली आणि पुढेही सोडलं नाही त्यांचा बुद्ध्यांक अडतिसाव्या वर्षापर्यंत सरासरी आठेक गुणांनी उतरला, आणि मोठेपणी सोडूनही तो पूर्ण भरून आला नाही. यावर वाद आहे. जुळ्या भावंडांवरच्या २०१६ सालच्या अभ्यासात ओढणारा आणि न ओढणारा भाऊ सारखेच निघाले, म्हणजे दोष घरच्या परिस्थितीचाही असू शकतो. वादातून मला एवढं कळलं: सोळाव्या वर्षी सुरू करणं आणि तिशीत सुरू करणं एकसारखं नाही, कारण मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. आणि सोडलं तर नोंद करण्याची ताकद बहुतेकांची बऱ्यापैकी परत येते.

हे इतकं खोलात लिहिण्याचं कारण आमच्याकडे पत्ते ओवायला येणारा एक एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला मी माझं उदाहरण सांगत होतो, तर तो म्हणाला, "मामा, डोकं तर गेलंच आहे. आता सोडून काय उपयोग?" व्यसनविरोधी फलकांवर आपण कवटी काढतो, 'मेंदू कायमचा नष्ट' असं लिहितो, त्याचा पोरांनी काढलेला अर्थ हा आहे. एक गट म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो होऊन गेलंय. दोघेही ओढतात. त्याला मी सांगितलं, "तुझं अजून गेलेलं नाही, पण आजचा दिवस जातोय. आज तुला तुझी आई काय म्हणाली ते सांग." त्याला सांगता येईना. सध्या तो अकरा दिवस झाले बंद आहे. खेकसतो, पण येतो.

बाकीच्या नशांबद्दल थोडंसंच, कारण त्या मी केल्या नाहीत, फक्त शेजारून पाहिल्या. दारू घटाघट प्यायल्यावर माणूस चालतो, बोलतो, भांडतो आणि सकाळी "मला आठवत नाही" म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा खरं बोलत असतो. तिथेही नोंद बंद पडलेली असते. वर्षानुवर्षे जेवण सोडून पिणाऱ्यांत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपून जो आजार होतो, त्यात मात्र नवी नोंद कायमची अडू शकते आणि माणूस माझ्या धान्याच्या व्यापाऱ्यासारख्या गोष्टी रचून सांगत राहतो. ज्यांना पोरं 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्यांचा तर आठवण पुसट करणं हा माहीत असलेला परिणाम आहे, दारूबरोबर घेतल्या तर श्वासही थांबू शकतो. स्टेशनकडची लहान पोरं पंक्चरचं सोल्युशन हुंगतात, त्यातल्या टोल्युइनने मेंदूतल्या जोडणाऱ्या तंतूंवरचं आवरण खराब होतं. आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हे आता मुंबईचं राहिलेलं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्या चिंचोळी एमआयडीसीतच त्याचा कारखाना पकडला गेला. ते घेणारा दोन-दोन रात्री झोपत नाही, आणि दिवसभराचं ऐकलेलं डोक्यात पक्कं होतं ते बरंचसं झोपेतच.

प्रसादाबद्दल एकच. कायद्यात, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात, गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं पान आणि बी त्यात धरलेलं नाही, म्हणून महाशिवरात्रीची भांग त्यातून सुटते. पण पानातही टीएचसी असतंच. पोटातून घेतलं की ते तास-दोन तासांनी चढतं. तोवर काही झालं नाही म्हणून लोक दुसरा पेला घेतात. सिद्धरामेश्वरांच्या गावात राहून मी देवाशी वाद घालणार नाही, पेल्यांचा हिशोब तेवढा सांगितला.

आता आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणं. 'हैदराबाद रस्त्यावर इतक्या किलोचा गांजा जप्त' ही बातमी आपण फोटोसकट छापता. तिच्याखाली दोन ओळी कायमच्या टाका. पहिली: व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६. दुसरी: त्याच एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, नशेची सवय लागलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर केवळ सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही, उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. आमच्या भागात लोक दवाखान्यात जात नाहीत ते पोलिसांच्या भीतीने. मीही दोन वर्षं त्याच भीतीने गेलो नव्हतो. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन राहायचं म्हणजे रोज बुडतो, आणि रोज बुडाला की घर बुडतं. इथल्या इथे आधी फोन करता येतो, हेच लोकांना माहीत नाही.

दुसरं मागणं वाचकांकडे, विशेषतः साखर पेठ, अशोक चौक, दत्त नगर या भागांतल्या सत्तरी-ऐंशीच्या, आमच्या पद्मशाली विणकर समाजातल्या आजोबा-आजींकडे. १९४८ च्या सुमारास करीमनगरकडून एक तरुण विणकर सोलापुरात आला. त्याने साखर पेठेत एक हातमाग टाकला आणि पुढे तो जुन्या गिरणीत लागला. त्याच्या मुलाला १९८० च्या आसपास कारखान्यांत 'पत्तेवाले' म्हणत. नाना माझ्याजवळ बोलले तसे तरुणपणी कुणा मित्राजवळ, चहाच्या टपरीवर, गड्ड्याच्या जत्रेत फिरताना बोलले असतीलच. वाडी जंक्शनवर काय झालं होतं हे कुणाला ठाऊक असेल तर कृपया आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहून पाठवा. अम्मा शहात्तर वर्षांची आहे, तिलाही ऐकायचं आहे. मराठी येत नसेल तर तेलुगूत लिहा, चालेल.

आपला,
एक पत्तेवाला
कुंभारी घरकुल, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)